काठ

गोकुळ शिरगावात, तिसऱ्या पाळीला,
ड्रॉइंग टेबलावर पसरलं तेव्हा
इलाही मुजावर चष्मा कपाळावर ढकलून म्हणाला,
“पंखाला शिंग व्हय ह्ये?”
शिंग नव्हे, चाचा. विंगलेट.
जुन्या विमानाच्या पंखाचं टोक
पुरुषभर वर मुडपायचं,
आणि ते जिथं पंखाला धरून बसतं
तिथला एक ब्रॅकेट आपल्याकडं आलाय.
तळहाताएवढा.
दोन शतांशाच्या आत.

चाचाचं आयुष्य ऑइल इंजिनात गेलं,
उद्यमनगरात. बोअरमध्ये बोट फिरवून
माप सांगणारा माणूस.
जमिनीला बोल्ट मारता येत नाही
अशा यंत्रावर त्याचा विश्वास नाही.
“इमान आधीपासनं उडतंयच की,
मग आता टोक कशाला?”

मला कळलं होतं तेवढं मी सांगितलं.
पंखाखाली हवा दाटते, वर विरळ होते,
त्या फरकावर सगळं ओझं तोललेलं;
पण टोकाशी खालची हवा कडेनं वर सांडते,
सांडता सांडता फिरते,
शिवाजी पुलाच्या खांबामागं पंचगंगा फिरते तशी,
आणि तो भोवरा
मैलोन्‌मैल विमानाला मागनं धरून राहतो.

चाचा गप्प. कूलंट दुधासारखं ओघळत होतं.
मग म्हणाला,
“म्हंजे परातीला काठच नव्हता.”

तीन रात्री जागून मी जे वाचलं
ते त्यानं एका वाक्यात मळून ठेवलं
आणि तंबाखू काढली.

भोवरा मरत नाही. बारीक होतो, एवढंच.
शंभर लिटरमागं चार वाचतात. कधी तीनच.
घरी हे सांगितलं तेव्हा वैजयंता
तेलाचा डबा वाटीवर पालथा धरून उभी होती,
शेवटचा थेंब पडेना म्हणून.
“पंधरा किलोला सहाशे ग्रॅम,” ती लगेच म्हणाली,
“आठ-दहा दिवसांची फोडणी.”
विमानाबद्दल तिनं काहीच विचारलं नाही.

अकरावा पीस वाया गेला.
तपासणीच्या मशीननं आकडा द्यायच्या आधी
चाचानं कडेवरनं अंगठा फिरवला:
“जास्त खाल्लं ह्यानं.”
मशीन नंतर म्हणालं, तीन शतांश.
केसाच्या जाडीच्याही निम्मं नाही,
पण त्यामुळं तो आकाशात जाणार नव्हता.
आता आमच्या खिडकीत
चहाच्या बिलांवर बसलेला असतो,
फॅन लावला की कामाचा.

बाकीचे खोक्यात, फोममध्ये, बेंगळुरूला गेले.
तिथनं कुठल्या देशात, कुठल्या पंखात,
चलनावर लिहिलेलं नसतं.

तरी एका रविवारी चाचाला
स्कूटरवर मागं घालून उजळाईवाडीला नेलं.
कुंपणाच्या तारेला बोटं अडकवून उभे राहिलो.
पलीकडं ऊस तुटलेला, पाचट काळं पडलेलं.
विमान आलं, टोकं वर केलेली,
झकास, मिशीला पीळ दिल्यासारखी.
ती आमची नव्हती. ती जन्मतःच तशी.
मी चाचाला दाखवायला वळलो
तर तो दुसरीकडंच बघत होता,
घारीकडं.
तिची टोकाची पिसं एकेक सुटी, वर वाकलेली,
पंख न हलवता ती शेतावर फिरत होती.

“तिला तेल भराय लागत न्हाई,” चाचा म्हणाला.
तक्रार केल्यासारखा.

येताना हायवेला यायच्या आधीच
स्कूटर बंद. रिझर्व्हही संपलेला.
चाचानं उतरून ती डाव्या अंगावर आडवी केली,
टाकीत कुठंतरी चुळबुळ झाली,
तिसऱ्या किकला सुरू.
मी सावकाश घेतली.
मागं चाचानं शर्टाची फडफडणारी टोकं
मांडीखाली दाबली
आणि दोन्ही कोपरं अंगाशी घेऊन बसला.